तळाला सोडलेल्या छत्र्या

३ नोव्हेंबर

खोली मिळाली. खोली म्हणजे घरमालकीणबाईंच्या जिन्याखालची जागा. पूर्वी तिथे त्या मोडकं फर्निचर ठेवत असत, आता मला ठेवलंय. खिडकी आहे, पण ती शेजारच्या भिंतीकडे तोंड करून. कॉट मधोमध खचलेली आहे. दोन्ही बाजूंनी घरंगळून माणूस मध्येच येतो, तेव्हा कूस बदलायचा प्रश्नच मिटला.

काम असं आहे: बंदरातून उपसलेला गाळ समुद्रात कुठे टाकायचा, ती जागा मी शोधून द्यायची. गाळ म्हणायचं आपलं. त्यात चपला असतात, दोर असतात, बाटल्या, गोण्या, एकदा तर म्हणे अख्खी खुर्ची निघाली. जागा अशी हवी की टाकलेलं पुन्हा किनाऱ्याला लागता कामा नये. जागा मंजूर झाली की माझी नेमणूक कायम. कायम झालो की टेकडीवरच्या वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर. आणि क्वार्टर मिळालं की ही येणार.

या बदलीला हिने सामान बांधायलाच घेतलं नाही. भांडली वगैरे नाही, तो तिचा स्वभावच नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. पक्कं घर झालं की बघू." मुलगा नोकरीला लागून वेगळा राहतो, म्हणजे तिला तिथे अडकवणारं काही उरलेलं नाही. तेव्हा प्रश्न फक्त घराचा आहे. साहेबांना वाटतं मी समुद्रासाठी जिवाचं रान करतोय. वाटू दे.

६ नोव्हेंबर

पहिली फेरी. बार्ज जुना आहे. त्याच्या पोटाला दारं आहेत. गाळ भरून खोल समुद्रात न्यायचा, दारं उघडायची, सगळं खाली. सध्या तो रिकामाच नेतोय, माझ्या प्रयोगासाठी. कप्तान माझ्याच वयाचा, गुडघेदुखीवर अखंड बोलणारा.

मी दोन प्रकारच्या वस्तू सोडतो. एक, नारिंगी रंगाच्या लाकडी पाट्या. तळहाताएवढ्या, वर क्रमांक आणि 'सापडल्यास कळवा' म्हणून माझा फोन. त्या तरंगतात, म्हणजे वरचं पाणी कुठे जातं ते सांगतात. दुसऱ्या प्लास्टिकच्या छत्र्या. चकती, तिच्यावरही क्रमांक आणि माझा फोन, खाली दांडी, दांडीला वजन. त्या तळाशी उभ्या राहतात आणि तळाच्या पाण्याबरोबर सरकत जातात. गाळ तळाला बसतो, तेव्हा खरी साक्ष छत्र्यांची.

कप्तान म्हणाला, "समुद्रात छत्री? भिजायची की हो साहेब." स्वतःच हसला. मग मीही हसलो. आठवड्यात पहिल्यांदा हसलो असेन.

९ नोव्हेंबर, रविवार

हिला फोन केला. विचारलं, "काय, सगळं ठीक ना?" म्हणाली, "हो, ठीक." तिच्या शिवणाच्या वर्गाचं काहीतरी सांगू बघत होती, मागची खोली पुरत नाही वगैरे. मी म्हटलं, ते नंतर, आधी छत्र्या ऐक. सगळं समजावून सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं तिने. हिच्यासारखं ऐकून घेणारं माणूस मी पाहिलं नाही.

फोन ठेवल्यावर खोली फार लहान वाटते. बाहेर जाऊन येतो.

२२ नोव्हेंबर

पहिली पाटी सापडली! खाली कुठल्याशा गावातल्या हॉटेलच्या आचाऱ्याचा फोन. किनाऱ्याने इतक्या लांब गेली, वा. दुपारी दुसरा फोन, दीपगृहावरच्या माणसाचा. तो पाऊण तास बोलला. त्यातली दोन मिनिटं पाटीबद्दल, बाकी स्वतःच्या दाढेबद्दल. मीही फोन ठेवून दिला नाही. त्याला म्हटलं, आणखी पाटी दिसली तर जरूर कळवा. म्हणाला, "नाही दिसली तरी कळवू का?" मी म्हटलं, कळवा.

७ डिसेंबर, रविवार

फोन कुणा मुलीने उचलला. "बाई कापड बेतायला बसल्यात, थोड्या वेळाने करा." मागे मशिनींचा खडखडाट आणि पाचसहा जणींचं हसणं. मी म्हटलं, अगं मी बाईंचा नवरा. तर मला म्हणते, "कुठले?" आता नवऱ्याला कुठले काय?

नंतर ही बोलली. घराशेजारचा गाळा भाड्याने घेतलाय, तिथे वर्ग हलवलाय, दारावर पाटी लावलीय. मला हसू आलं. मी इथे पाट्या सोडतोय, ती तिथे लावतेय. बरं झालं, इकडे येईपर्यंत तिचा वेळ जाईल. भाड्याचा करार मोडता येतो ना, तेवढं बघून ठेव म्हटलं. "हं," म्हणाली.

२० डिसेंबर

पाट्या धडाधड सापडताहेत, सगळ्या लांब लांब. आपल्या किनाऱ्यावर एकही नाही. वारा जमिनीकडून वाहतोय, वरचं पाणी बाहेर ढकलतोय, सरळ हिशेब.

छत्री मात्र एकही नाही. आज साहेबांनी विचारलं, "छत्र्यांचं काय?"

"एकही परत आली नाही, साहेब."

"म्हणजे गेल्या बाहेर."

मी म्हटलं, "हो."

म्हणायला हवं होतं, "किंवा वाटेवर आहेत." तळाचं पाणी मुंगीच्या पावलाने जातं. वारा फिरेपर्यंत, म्हणजे निदान एप्रिलपर्यंत थांबायला हवं, हे मी स्वतः नव्या मुलांना शिकवलंय. पण गोदामाचा व्यवस्थापक क्वार्टरसाठी अर्ज घेऊन साहेबांच्या दाराशी टपून असतो. रोज दिसतो. एप्रिलपर्यंत तो तिथे पडदे लावून, झाडं लावून मोकळा होईल.

छत्र्या परत येत नाहीत, कुणाची तक्रार नाही. तक्रार नाही म्हणजे चांगलंच असणार की. उगाच कशाला शंका काढायच्या.

५ जानेवारी

अहवाल दिला. 'तळाचा प्रवाह किनाऱ्यापासून दूर जात असल्याचे दिसते.' 'दिसते' वर बराच वेळ अडलो. काय दिसलं मला? काहीच दिसलं नाही, तेच तर लिहिलंय. मनात पाल चुकचुकली, पण तिच्याकडे लक्ष दिलं तर घर जातं.

घरमालकीणबाईंनी बिनदुधाचा चहा आणून दिला. म्हणाल्या, "तुम्ही खोलीत कुणाशी बोलता?" मला माहीतच नव्हतं की मी बोलतो.

२ फेब्रुवारी

जागा मंजूर. आज पहिला भरलेला बार्ज. दारं उघडली, खालून मोठा ढेकर दिल्यासारखा आवाज झाला आणि पाण्यावर तपकिरी डाग पसरला. थोड्या वेळात डागही नाही. कप्तान म्हणाला, "गेलं बघा." मी जरा वेळ तिथेच बघत उभा राहिलो.

११ फेब्रुवारी

क्वार्टरची किल्ली हातात. गोदामाच्या व्यवस्थापकाने अभिनंदन केलं, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. दोन खोल्या, स्वयंपाकाचा ओटा, मोठ्या खोलीला खरी खिडकी, आणि खिडकीत समुद्र. खाली खडकाळ खाडी दिसते. मी पहिल्यांदा काय केलं, तर जुन्या बाजारातून टेबल आणून खिडकीशी लावलं. तिची मशीन इथे. उजेड डावीकडून यायला हवा म्हणून टेबल तीनदा फिरवलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

हिला सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. आनंदाने बोलताच येईना बिचारीला. मग म्हणाली, "छान झालं तुमचं." मी म्हटलं, कधी येतेस? म्हणाली, "मार्चच्या मध्यावर दोन दिवस येऊन जाते. समोरासमोर बोलू." बरोबर आहे, घर बघितल्याशिवाय काय आणायचं, काय विकायचं ते कसं ठरणार.

२६ फेब्रुवारी

फोन आला. बाईचा आवाज. "तुमचा नंबर आहे यावर. कुत्र्याच्या छत्रीसारखं काहीतरी आहे प्लास्टिकचं." टेकडीखालच्या खाडीत शिंपले गोळा करते म्हणाली. खिडकीतून दिसते तीच खाडी.

एखादी चुकार असेल. बार्जवरून पडली असेल बंदरातच. असं होतं.

४ मार्च

चुकार नाही. त्याच बाईचे रोज फोन. आज ओहोटीला गेलो. खडकांवर राखाडी साय धरलीय, पाय घोट्यापर्यंत आत जातो. तीत दोर, बुचं, गोणीच्या चिंध्या, एका पायाची चप्पल. हे सगळं मी ओळखतो, बार्जच्या पोटात रोज बघतो. बाईने माझ्या छत्र्या एका बादलीत उभ्या करून ठेवल्या होत्या, नीट, फुलांसारख्या.

तिने खडकावरचे शिंपले उचकटून दाखवले. गाळाने गुदमरून तोंडं उघडी टाकून मेलेले. म्हणाली, "पंधरा दिवसांत झालं हे. कुठून आलं कळत नाही. तुम्ही शिकलेले दिसता, तक्रार कुणाकडे करायची?"

मी बंदर कचेरीचा पत्ता सांगितला. पुढचं काही सांगितलं नाही. येताना बूट हातात घेऊन अनवाणी चढलो.

किती सोपं आहे. बशीतल्या चहावर फुंकर घातली की साय पलीकडच्या कडेला जाते आणि खालचा चहा आपल्याकडे येतो. वारा वरचं पाणी बाहेर नेतो, त्याची जागा भरायला तळाचं पाणी किनाऱ्याकडे येतं. मला पाट्या दिसत होत्या. छत्र्या तेव्हापासून इकडेच निघाल्या होत्या, वजनाने अडखळत, सावकाश. सुटा गाळ मागून निघून त्यांच्याबरोबरच पोचला.

१० मार्च

साहेबांना सांगायला हवं. सांगितलं की टाकणं बंद, मंजुरी रद्द, नेमणूक पुन्हा तात्पुरती, किल्ली परत. ती शनिवारी येतेय. चार दिवसांचा प्रश्न आहे. तिने घर एकदा बघितलं, तिचं मन बसलं, म्हणजे मग घर गेलं तरी आलेलं मन जात नाही. दोन बार्ज रोज जातात. चार दिवसांत आठ. हे मी स्वतःच्या हाताने लिहितोय, वाचायला लाज वाटते.

१४ मार्च

ही आली. मी स्टेशनवर तासभर आधीच जाऊन उभा. चष्मा नवा घेतलाय तिने, केस कापलेत, बरी दिसते. खरं तर मी पटकन ओळखलं नाही. तिने हाक मारली, "अहो, इकडे."

घर बघितलं. नळ सोडून बघितला, ओट्यावरून हात फिरवला. खिडकीशी लावलेलं टेबल बघून तिथेच थांबली. मी म्हटलं, "उजेड डावीकडून. बघ, लक्षात ठेवलं की नाही?" डोळे भरले तिचे. मग पिशवीतून टेप काढून खिडकीचं माप घेतलं, लांबी, रुंदी, वरची पट्टी. म्हणाली, "पडदे शिवून पाठवते." पाठवते कशाला, येताना आणशीलच की, असं म्हणणार होतो. पण माप घेतलं, यातच सगळं आलं. आज फार बरं वाटतंय. किती महिन्यांनी दोन ताटं वाढली.

१५ मार्च, रविवार

सकाळी फिरायला म्हणून मी वरच्या रस्त्याने नेणार होतो. ती म्हणाली, खाली पाण्याशी जाऊ. नाही कसं म्हणायचं?

खाडीत शिंपलेवाली बाई खराट्याने खडक झाडत होती. समुद्राचा खडक, खराट्याने. हिने पदर खोचला आणि गोण्यांच्या चिंध्या वेचायला लागली, न विचारता. दोघी बोलत होत्या. मी लांब उभा. मग ही माझ्याकडे आली, हात राखाडी झालेले, आणि म्हणाली, "हे तुमचं आहे ना?"

मी सगळं सांगितलं. घराचंही.

"कचेरीत कधी सांगणार?"

"तू गेलीस की."

"का?"

"घर गेलं तर तू कशी येणार?"

ती म्हणाली, "घर राहो नाहीतर जावो, माझ्यासाठी एक दिवसही थांबू नका. मी आहे तिथे बरी आहे. ही बाई बघा आधी." केवढा समजूतदारपणा. स्वतःचं काही न मागता, आहे त्यात भागवीन म्हणते. मला भरून आलं.

दुपारी आणखी काहीतरी बोलायचं होतं तिला, दोनदा सुरुवात केली. मी म्हटलं, तू आता काळजीच करू नकोस. संध्याकाळच्या गाडीने गेली.

१६ मार्च

साहेबांच्या टेबलावर छत्र्यांची बादलीच नेऊन ठेवली.

"हे काय?"

"परत आल्या, साहेब. गाळही त्यांच्याबरोबर आलाय."

"एकही आली नाही असं तुम्हीच लिहून दिलंत."

"निघाल्या होत्या. पोचल्या नव्हत्या. मी थांबायला हवं होतं."

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. फोन उचलून बार्ज थांबवायला सांगितलं. मग मला म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून. पूर्ण वर्ष. चारही वाऱ्यांत." किल्ली मी बरोबरच नेली होती.

त्यानंतर खाडीत गेलो आणि बाईला सांगितलं की हे माझ्या चुकीने झालं. तिने शिव्या दिल्या, सणसणीत. मी ऐकून घेतल्या. खराटा एकच होता, तो तिने माझ्या हातात दिला आणि निघून गेली.

२९ मार्च, रविवार

पुन्हा जिन्याखाली. कॉट तशीच वाट बघत होती. घरमालकीणबाई म्हणाल्या, "मला वाटलंच." त्यांना नेहमीच वाटलेलं असतं.

खाडी साफ करायला बंदराची माणसं लावलीत. मी सकाळी तासभर जातो. बाई बोलत नाही, पण काल माझ्यासाठी दुसरा खराटा आणला होता. हिला फोन लावायचा म्हणून तीनदा उचलला, तीनदा ठेवला.

५ एप्रिल, रविवार

आज केला. म्हटलं, "क्वार्टर गेलं. वर्षभर तरी या खोलीतच आहे."

"हं."

नेहमी इथे मी म्हणतो, बाकी सगळं ठीक ना, आणि ठेवतो. आज ते तोंडातून निघेना. विचारलं, "घर राहिलं असतं तर आली असतीस?"

पलीकडे मशिनी बंद होत्या. वर्ग सुटला होता.

"नाही," म्हणाली.

मग तीच बोलली. "त्या दिवशी तेच सांगायला आले होते. तुम्ही टेबल मांडून ठेवलेलं. तोंडच उघडेना माझं."

"माझं काय चुकलं?"

"चुकलं असं नाही हो. दर दोनतीन वर्षांनी नवं गाव. तुम्ही सकाळी बोटीवर जायचात. ओळख ना पाळख, मी दार लावून बसायचे. कुणाशी बोलायचं? भिंतीशी बोलायचे. आता तुम्ही राहताय ना, तशीच. फक्त तुम्हाला तिथे काम आहे. मला इथे, या वर्गात, पहिल्यांदा लोक नावाने ओळखतात."

मी म्हटलं, "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही बूट काढता काढता विचारायचात, सगळं ठीक ना. त्याला नाही कसं म्हणायचं असतं, सांगा मला."

ती रडत नव्हती, तिचा आवाज अगदी सरळ होता. मी रडत होतो, आणि ते तिला कळत होतं, कारण ती थांबून राहिली होती. किती वेळ कोण जाणे. कुणीच फोन ठेवला नाही.

मग मी विचारलं, "त्या सगळ्यांत वाईट गाव कुठलं होतं?"

तिने लगेच सांगितलं, आठवावं लागलं नाही. त्या गावात आम्ही सर्वांत सुखात होतो, असं मी अजून लोकांना सांगतो.